थेरपीत माइंडफुलनेस कसं वापरायचं: पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी, एकेक पायरी

थेरपिस्टने "रोज पाच मिनिटं माइंडफुलनेस करून बघा" असं सांगून घरी पाठवलं आणि घरी आल्यावर नेमकं करायचं काय हेच कळेना, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि जे अजून थेरपीला गेलेच नाहीयेत, जावं का नको या विचारात सहा सहा महिने काढलेत, त्यांच्यासाठी पण. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, पुण्यात टिळक रोडवर एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, राहायला सिंहगड रोडला. पण साडेतीन वर्षं थेरपी घेतेय, त्यातली अडीच माइंडफुलनेस धरून, आणि सुरुवातीला मला जे कोणीच सांगितलं नव्हतं ते सगळं इथे सांगायचंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बहुतेकजण इथेच अडकतात. माइंडफुलनेस म्हणजे मन शांत करणं नाही. विचार बंद करणं तर अजिबातच नाही. आत्ता, या मिनिटाला, आपल्या अंगात, मनात आणि आजूबाजूला काय चाललंय ते मुद्दाम लक्ष देऊन बघायचं आणि त्यावर लगेच चांगलं-वाईट असा शिक्का मारायचा नाही, एवढंच. शांत वाटलं तर छान, नाही वाटलं तरी काम झालंच. आणि थेरपीत त्याचा खरा उपयोग असा की आठवडाभर तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही सेशनला घेऊन जाता आणि मग त्यावर थेरपिस्टबरोबर काम होतं. नुसतं बघितलं आणि सोडून दिलं तर अर्धवटच राहतं, हे मला फार उशिरा कळलं.

हे आलं कुठून तेही थोडक्यात. मूळ आपल्याकडचंच, बौद्ध परंपरेतली 'सति', म्हणजे पाली भाषेतली स्मृती, सजगता. त्याला दवाखान्यात आणलं जॉन कबाट-झिन यांनी, 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये, जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी कोर्स सुरू करून. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांनी ते कॉग्निटिव्ह थेरपीला, म्हणजे आपले विचार तपासून बघायच्या थेरपीला जोडलं, डिप्रेशन पुन्हा पुन्हा उलटू नये म्हणून, त्यालाच एमबीसीटी म्हणतात, आणि 2000 साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात ज्यांना तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांना याचा चांगला फायदा दिसला. मार्शा लिनेहन यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या थेरपीमध्ये पण हे मुख्य कौशल्य आहे. एवढं पुरे, आता कामाचं.

पहिली पायरी: माणूस बघून घ्या

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट "मानसोपचारतज्ज्ञ" म्हणतात त्यामुळे घोळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, औषधं देणारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात आणि त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नंबर विचारला तर ते सांगतात आणि तो तपासता येतो. काउन्सेलर हा शब्द मात्र कोणीही लावून घेतं, पंधरा दिवसांचा कोर्स केलेलेही आहेत आणि खरंच उत्तम शिकलेलेही आहेत, म्हणून शिक्षण विचारायचं, लाजायचं नाही, आपण घरी प्लंबर बोलावतो तेव्हा पण चार प्रश्न विचारतोच की.

फोनवरच विचारून घ्या: फी किती, सेशन किती मिनिटांचं, मराठीतून चालेल का, आणि माइंडफुलनेस वापरता का, वापरत असाल तर स्वतः करता का. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो स्वतः रोज बसतो त्याला तुमचं कुठे अडतंय ते दोन वाक्यांत कळतं. मराठीचं पण मुद्दाम म्हणतेय. पुण्यात पुष्कळ थेरपिस्ट इंग्लिशमधून बोलतात आणि आपण पण सवयीने इंग्लिशमध्ये सुरू होतो, पण "आय फील अँक्शस" म्हणताना काहीच होत नाही आणि "जीव घाबरा होतो हो" म्हटलं की डोळ्यातून पाणी येतं. ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत थेरपी घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

पैशाचा प्रश्न असेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. आणि नुसतं कोणाशी तरी बोलायचंय, कुठे जायचं तेच कळत नाहीये, तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा झालाय, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतायत, अशी अवस्था असेल तर माइंडफुलनेस-बिइंडफुलनेस सगळं बाजूला ठेवून आधी तो फोन करा, किंवा जवळच्या माणसाला घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा. बाकी सगळं नंतर.

औषधं चालू असतील तर ती चालू ठेवायची. "आता मी ध्यान करतोय ना" म्हणून गोळ्या बंद करणारे मी दोघं जवळून बघितलेत, दोघांचंही फार बिघडलं. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, ते सांगतील त्या वेगाने.

दुसरी पायरी: डोळे मिटण्याआधी काय सांगायचं

माझा अनुभव सांगते. बाबा गेले त्याआधी तेवीस दिवस आयसीयूत होते. ते गेल्यावर मला फोनची रिंग सहन होईनाशी झाली, कुणाचाही फोन असो, अगदी गॅस सिलेंडरवाल्याचा, छातीत धस्स व्हायचं, हातपाय गार पडायचे. म्हणून मी पहिल्यांदा एका ठिकाणी गेले. तिथे पहिल्याच सेशनला मला डोळे मिटून वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मला व्हेंटिलेटरचा आवाज ऐकू यायला लागला, म्हणजे आठवायला लागला, श्वास अडकला, मी उठून बाहेर आले आणि चप्पल न घालता जिन्यात जाऊन बसले. त्यानंतर आठ महिने मी कुठेच गेले नाही, मला वाटलं आपल्याला हे जमणारं नाही, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

खोट नव्हती. श्वास ही सगळ्यांसाठी सुरक्षित जागा नसते, विशेषतः ज्यांना पॅनिक अटॅक येतात, दमा आहे, किंवा ज्यांनी काहीतरी भयंकर बघितलंय, सोसलंय. नंतरच्या थेरपिस्ट ताईंनी (मी त्यांना ताईच म्हणते) पहिल्याच दिवशी सांगितलं, डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीवर ठेवा, श्वासाचं नाव पण काढायचं नाही आपण सध्या.

तर पहिल्या भेटीत हे आपणहून सांगून टाका: पॅनिक येतं का, अपघात, मारहाण, अत्याचार, जवळच्याचा मृत्यू असं काही घडलंय का, पूर्वी कधी भास झालेत का, बायपोलरचं निदान आहे का, झोप किती होते, दारू किंवा दुसरं काही चालू आहे का. थेरपिस्टने विचारलं नाही तरी सांगा. यातलं काही असलं म्हणजे माइंडफुलनेस करताच येणार नाही असं नाही, पण ते कमी वेळ, डोळे उघडे ठेवून, समोर माणूस असताना करायचं असतं. आणि घरच्यांना कळेल याची भीती असेल तर लक्षात ठेवा, 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. जिवाला धोका असेल अशा काही मोजक्या वेळा सोडून.

तिसरी पायरी: खुंटा शोधा

इंग्लिशमध्ये याला अँकर म्हणतात, मी खुंटा म्हणते. गाय चरायला लांब गेली तरी दावं खुंट्याला असतं, तसं मन कितीही भटकलं तरी परत कुठे यायचं ती एक जागा ठरवून ठेवायची. श्वास हा एक खुंटा झाला. पण तळपाय जमिनीला टेकलेत त्याचा स्पर्श, हातात हात धरलाय त्याची ऊब, पंख्याचा आवाज, खुर्चीच्या पाठीचा टेकू, यातलं काहीही चालतं. दोन-तीन दिवस प्रत्येकी दोन मिनिटं करून बघा आणि जिथे अंग जरा सैल पडतं ते धरा. माझा खुंटा तळपाय. अडीच वर्षं झाली, अजून तोच आहे.

बसल्यावर काय होईल ते आधीच सांगते: दहा सेकंदांत मन निघून जाईल. विजेचं बिल, उद्याचा डबा, कोणीतरी तीन वर्षांपूर्वी बोललेलं काहीतरी. ते गेलंय हे ज्या क्षणी लक्षात येतं तो क्षण म्हणजेच सराव. मग स्वतःवर न चिडता परत तळपायाशी. पाच मिनिटांत पन्नास वेळा मन गेलं आणि पन्नास वेळा परत आणलं तर ती पन्नास वेळा केलेली कसरत झाली, फुकट गेलेली पाच मिनिटं नाही. हे नीट समजलं नाही म्हणून सोडून देणारे लोक खूप आहेत.

चौथी पायरी: दूध तापवणं

कोर्समध्ये सुरुवातीला मनुका देतात, एकच मनुका, ती हातात धरून बघायची, वास घ्यायचा, कानाशी फिरवायची, मग जिभेवर ठेवायची, सावकाश चावायची. चांगलं आहे ते. पण ताईंनी मला विचारलं, "रोज कुठलं काम असं करता ज्यात लक्ष नसतं पण असायला हवं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "दूध तापवणं". आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी दूध उतू जायचं, कारण गॅससमोर उभी राहून मी मनाने भलतीकडेच असायचे.

तर तोच सराव ठरला. रोज सकाळी दूध ठेवलं की मोबाइल हॉलमध्ये आणि मी ओट्याशी, पाय फरशीवर, नजर पातेल्यात. आधी काहीच होत नाही, पांढरं गुळगुळीत दूध. मग कडेकडेने बारीक बुडबुड्यांची माळ लागते. मग मधे पातळ साय धरायला लागते आणि ती हलकेच सुरकुतते, एका बाजूने ओढली जाते, परत सैल होते. वास बदलतो. आवाज बदलतो, आधी बारीक सूं सूं असतं मग एकदम बंद होतं, आणि ते बंद झालं की समजायचं आता वर येणार. मग साय फुगते, घुमटासारखी. त्या क्षणी हात नॉबकडे जातो.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलंच, "अगं, काय बघत बसलीयेस दुधाकडे?"
"काही नाही आई, बघतेय नुसतं."
"बरं वाटत नाहीये का?"
"वाटतंय आई. ताईंनी सांगितलंय, जे करतोय ते बघत करायचं."
त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी आई असंच ताक घुसळायची. मधे बोललेलं चालायचं नाही तिला." आणि मग त्या पण शेजारी उभ्या राहिल्या.

तुम्ही तुमचं काम शोधा. आंघोळीचं पाणी अंगावर घेणं, भांडी घासणं, पोळ्या लाटणं, गाडी पुसणं. एकच काम, रोज तेच, आणि त्यात मोबाइल नको. गाडी चालवताना मात्र हा प्रयोग आत वळून करू नका, नळस्टॉपच्या चौकात लक्ष रस्त्यावरच पाहिजे. चालायचं असेल तर वेताळ टेकडी किंवा तळजाई, सकाळी लवकर, हेडफोन न लावता, पायाखाली माती आहे का खडी एवढंच बघत दहा मिनिटं.

पाचवी पायरी: तीन मिनिटं

हे एमबीसीटीमधलं आहे आणि दिवसभरात कुठेही करता येतं. पहिलं मिनिट: आत्ता काय चाललंय? मनात कुठला विचार, कुठली भावना, अंगात काय. बदलायचं नाही, नुसती हजेरी घ्यायची. दुसरं मिनिट: सगळं लक्ष एका जागी, श्वासावर किंवा तुमच्या खुंट्यावर. तिसरं मिनिट: लक्ष पसरवायचं, पूर्ण अंगावर, चेहरा, खांदे, बसलोय ती जागा, खोलीतले आवाज. झालं.

एक चूक टाळा. अस्वस्थ वाटलं की ते घालवायला तीन मिनिटं करायची, असं सुरू झालं की हे पेनकिलरसारखं होतं आणि मग एखाद्या दिवशी "काम करत नाही" म्हणून सुटतं. म्हणून आधी दोन आठवडे ठरलेल्या वेळी करा, बरं वाटत असताना. मी ऑफिसला पोचल्यावर कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत आणि संध्याकाळी बसमध्ये स्वारगेट यायच्या आधी करायचे. नंतर त्रासाच्या वेळी ते आपोआप आठवतं.

आणि त्रास अगदीच अंगावर आला असेल, म्हणजे हात थरथरतायत, काही सुचत नाहीये, तर तीन मिनिटं पण जास्त होतात. तेव्हा डोळे उघडे ठेवून दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक, अशी मोजदाद करा, मोठ्याने केली तरी चालते. तोंडावर गार पाण्याचे हबके मारले तरी फरक पडतो.

सहावी पायरी: "टेन्शन" हा शब्द आठवडाभर बंद

ही मला सगळ्यात आवडलेली पायरी. ताईंनी सांगितलं, एक आठवडा टेन्शन, स्ट्रेस, डिप्रेस हे तीन शब्द वापरायचे नाहीत. मग काय म्हणणार? पहिले दोन दिवस मला शब्दच सापडेनात. मग हळूहळू कळायला लागलं की सोमवारी सकाळी जे होतं ती धास्ती आहे, जीएसटीची तारीख जवळ आली की होते ती घाई आहे आणि तिच्याखाली चिडचिड आहे, नणंदेच्या नव्या फ्लॅटचे फोटो बघून झालं तो हेवा होता, रविवारी संध्याकाळी येते ती हुरहुर, आणि रात्री बाबांची आठवण येते तेव्हा आधी पोकळी वाटते आणि तिच्या मागोमाग अपराधीपणा येतो. सगळ्याला टेन्शन म्हणून मी एकाच पोत्यात भरत होते. प्रत्येकाचा उपाय वेगळा. धास्तीला माहिती लागते, चिडचिडीला बहुतेक वेळा झोप किंवा जेवण, अपराधीपणासाठी मात्र माणूस लागतो.

आणि भावना अंगात शोधायची म्हणजे काय असा प्रश्न पडत असेल तर आपली भाषा ऐका. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घसा दाटून येतो, तळपायाची आग मस्तकात जाते, डोकं सुन्न होतं, अंगावर काटा येतो, हातपाय गळतात. आजी-पणजींनी सगळा नकाशा काढून ठेवलाय. पुढच्या वेळी "पोटात गोळा आला" म्हणाल तेव्हा थांबून खरंच बघा: कुठे आहे, बेंबीच्या वर का खाली, घट्ट आहे का हलतोय, गरम का गार. मला वाटायचं असं बघितलं तर तो वाढेल. काही वेळा थोडा वाढतो पण, आणि मग बहुतेक वेळा त्याची कड बोथट होते.

बॉडी स्कॅन म्हणून जो मोठा सराव असतो, आडवं पडून अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवत जायचं, तो याचाच विस्तार आहे. योगाच्या क्लासला शवासन केलं असेल तर ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की इथे सैल सोडायचा आटापिटा करायचा नाही, खांदा आखडलाय तर आखडलाय हे फक्त कळू द्यायचं. झोप लागते, सगळ्यांनाच लागते, मग बसून करा.

सातवी पायरी: वही

अकाउंट्सवाली असल्यामुळे मला हे रोजमेळासारखं वाटलं आणि म्हणून जमलं. साधी शंभर पानी वही, तीन रकाने. कधी आणि काय घडलं. अंगात कुठे. मनात कुठलं वाक्य आलं. रोज दोन-तीन ओळी, बस. रोजमेळात आपण खर्च बघून रडत नाही, जे झालं ते लिहितो, तसंच इथे. वाक्य मात्र जसंच्या तसं लिहायचं, सुधारून नाही.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. "मंगळवार, रात्री 9:40, फोन वाजला, मावशीचा. छातीत धस्स, बोटं गार. वाक्य: परत उशीर झाला." दोन दिवसांनी: "कुरियरवाल्याचा फोन. छाती. वाक्य: उशीर झाला." मला वाटत होतं की मला फोनची भीती वाटते. तीन आठवड्यांची पानं ताईंनी समोर ठेवली आणि विचारलं, "कशाला उशीर?" आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं की आयसीयूत नेलं त्याच्या आदल्या रात्री बाबांना दम लागत होता आणि मी म्हटलं होतं सकाळी बघू. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला पण नाही, खरं म्हणजे स्वतःला पण नाही. त्यानंतरची चार-पाच सेशन्स आम्ही फक्त त्या एका रात्रीवर बोललो: मला तेव्हा काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, आज जे माहीत आहे ते त्या रात्रीवर लादून मी स्वतःला शिक्षा देतेय का.

म्हणून मी परत परत सांगतेय की सेशनला वही न्या. माइंडफुलनेसने मला ते वाक्य सापडवून दिलं, पण त्या वाक्याचं पुढे काय करायचं ते एकटीने ओट्याशी उभं राहून झालं नसतं. त्यासाठी समोर शिकलेला माणूस लागला.

थेरपिस्ट यातून काय काय करतात ते माहीत असलं तर बरं पडतं. काहीजण वाक्य तपासायला लावतात, पुरावा काय, दुसरी बाजू काय, ही कॉग्निटिव्ह पद्धत. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांमुळे आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, पुष्कळांना माहितीये, तिची जातकुळी पण हीच. काहीजण वाक्याशी भांडत नाहीत, त्याच्यापासून जरा लांब उभं राहायला शिकवतात: "मी नालायक आहे" ऐवजी "मी नालायक आहे असा विचार मला येतोय" असं म्हणून बघा, मोठ्याने. दोन्हींत केवढं अंतर आहे ते म्हणून बघितल्याशिवाय कळत नाही. स्टीव्हन हेज यांच्या एसीटी (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट) थेरपीत हे भरपूर करतात. मला सुरुवातीला हे दुसरं जास्त लागू पडलं, कारण पुरावे द्यायला लागले की माझ्यातली अकाउंटंट स्वतःविरुद्धच फाइल तयार करायची.

"मग विपश्यनेलाच जाऊ का?"

पुण्यात हा प्रश्न येतोच. स्वारगेटला नेहरू स्टेडियमसमोर धम्मपुण्ण केंद्र आहे, आळंदीजवळ मरकळला धम्मानंद आहे, इगतपुरी लांब नाही, आणि प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी जाऊन आलेलं असतं. सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर, पूर्ण मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा, दिवसाला साधारण दहा तास बसणं, फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. माझ्या मनात त्याबद्दल खूप आदर आहे, माझा चुलतभाऊ दोनदा जाऊन आलाय आणि त्याचं आयुष्य बदललं. पण ती साधना आहे, उपचार नाही. तिथे तुमच्याबरोबर बसून "कशाला उशीर?" असं विचारणारा थेरपिस्ट नसतो. फॉर्मवर मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा, लपवू नका. आणि थेरपी चालू असेल तर आधी थेरपिस्टला आणि औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून मगच तारीख घ्या. ज्यांना दोन मिनिटं बसल्यावर घाम फुटतो त्यांनी थेट दहा दिवसांवर उडी मारू नये.

अडेल तेव्हा

दिवस बुडतील. गणपतीत माझे सलग अकरा दिवस बुडाले होते. बाराव्या दिवशी पाच मिनिटांऐवजी एक मिनिट बसायचं, भरपाई म्हणून अर्धा तास नाही.

कंटाळा येईल. तोही वहीत लिहा, तो कुठे जाणवतो ते बघा, माझा जबड्यात असतो.

पहिल्या महिन्यात रडू जास्त येऊ शकतं, जे दाबून ठेवलेलं असतं ते वर येतं. रडून झाल्यावर हलकं वाटत असेल तर ठीक आहे. पण बसल्यानंतर तासन्‌तास आपण आपले नाहीच, सगळं खोटं आहे असं वाटत राहिलं, झोप उडाली, जुने प्रसंग डोळ्यासमोर धडाधड यायला लागले, तर सराव लगेच थांबवा आणि पुढच्या सेशनची वाट न बघता थेरपिस्टला कळवा. याला माघार म्हणत नाहीत. ताईंनी माझा सराव दोनदा थांबवला होता, एकदा तर बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आधी स्वतःहूनच.

थेरपिस्टशी पटलं नाही तर तेही सांगता येतं. तीन-चार सेशन द्या, मग "मला हे लागू पडत नाहीये" असं सरळ बोला. चांगला थेरपिस्ट रागवत नाही, पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याचं नाव देतो.

किती दिवसांनी फरक

कोर्स आठ आठवड्यांचे असतात, घरचा सराव रोज पाऊण तास सांगतात. नोकरी, पोरं, सासर सांभाळून मला कधीच पाऊण तास जमला नाही, मी दहा ते पंधरा मिनिटांवरच राहिले आणि वेळ जास्त लागला, एवढंच. पहिला फरक मला साधारण दहाव्या आठवड्यात दिसला आणि तो मला नाही, मुलाला दिसला. म्हणाला, "आई, फोन वाजल्यावर तू आता उडत नाहीस." मी उडत होते हेच मला माहीत नव्हतं.

अजून फोन वाजला की छातीत होतं, रात्रीचा असेल तर नक्कीच. पण आता धस्स झालं की तळपाय फरशीवर दाबते, दोन रिंग जाऊ देते आणि तिसऱ्या रिंगला उचलते. ही दोन रिंगची युक्ती ताईंची आणि माझी मिळून ठरली, तुमची वेगळी निघेल, तुमच्या वहीतून.

पहिल्या सेशनची तारीख मिळायला काही ठिकाणी दोन-तीन आठवडे लागतात. तोवर एक काम निवडा, वही आणा, तीन रकाने आखा आणि आज काय झालं त्याच्या दोन ओळी लिहा. तारखेच्या दिवशी ती वही बॅगेत टाकायला विसरू नका, मी पहिल्यांदा विसरले होते आणि अर्धं सेशन "काय झालं होतं बरं" यातच गेलं.